'पॉइंट स्प्रेड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवरच्या, म्हणजे एनबीएवरच्या पैजांविषयी एक माहितीपट आहे. त्याची मराठी उपशीर्षकं मी करते आहे. त्यात 'पॉइंट स्प्रेड', 'कव्हर', 'पुश' आणि 'पॉइंट शेव्हिंग' हे शब्द सारखे येतात. स्प्रेडसाठी मी 'गुणफरक' घेतला, पण मग 'संघ जिंकला, तरी त्याच्यावर पैसे लावणारे हरले' हे वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जातं. 'पॉइंट शेव्हिंग'ला 'सामनानिश्चिती' चालेल का? पडद्यावर जागा फार कमी असते, त्यामुळे शब्द आटोपशीर हवेत.

प्रतिसाद

'गुणफरक' कळायला सामना संपावा लागतो. ११२–१०४ असा निकाल लागला, की फरक आठचा. स्प्रेड मात्र सामन्याआधीच जाहीर होतो. निकालाशी त्याचा संबंध नाही, ती पैजेची अट आहे. तुमचं वाक्य तिथेच अडकतंय.

समजा, बोस्टन सेल्टिक्स विरुद्ध शार्लट हॉर्नेट्स असा सामना आहे आणि बोस्टनपुढे 'उणे ६.५' लिहिलंय. बोस्टनवर पैसे लावणाऱ्याला बोस्टन नुसतं जिंकून भागत नाही, किमान सात गुणांनी जिंकावं लागतं. उलट हॉर्नेट्सवर लावणाऱ्याचा संघ सहा गुणांनी हरला तरी त्याचे पैसे येतात. आता ११२–१०४ असताना शेवटच्या सेकंदाला हॉर्नेट्सच्या कुणी लांबून तीन गुणांची बास्केट केली. निकाल ११२–१०७. सामन्याच्या दृष्टीने त्या बास्केटला काहीच अर्थ नाही, पण पैजेचा निकाल पार उलटा झाला. बास्केटबॉलमध्ये शेवटचं मिनिट फार लांबतं. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो, समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, पुन्हा चेंडू इकडे येतो आणि फरक दर काही सेकंदांनी हलत राहतो. कोण जिंकणार हे ठरून गेलेलं असतं, तरी पैज लावणारा खुर्चीच्या टोकावर बसलेला असतो तो यामुळे.

माझी सूचना 'गुणभार'. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या मंडळींना हँडिकॅप ठाऊक असतो. वरच्या रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, म्हणजे शर्यत चुरशीची होते. स्प्रेड हे वरचढ संघावर चढवलेलं तसंच वजन आहे, पण फक्त पैजेच्या हिशेबात. मैदानावरचे गुण जसेच्या तसे राहतात. 'बोस्टनवर साडेसहाचा भार' म्हटलं की दुबळ्या संघासाठी 'हॉर्नेट्सना साडेसहाची सूट' आपोआप सुचतं. 'कव्हर'ला 'भार पेलला'. तुमचं वाक्य मग असं होईल: 'बोस्टन जिंकले, पण भार पेलला नाही.' उपशीर्षकात आरामात बसेल.

आणि कृपा करून 'सहा पॉइंट पाच' लिहू नका. साडेसहा, साडेतीन, दीड, अडीच असे सुटसुटीत आकडे आपल्याकडे आहेत. अर्धा गुण कुणालाच करता येत नाही, म्हणून अर्ध्यावर ठेवलेल्या भारात बरोबरी होऊच शकत नाही. भार पुरता सातचा असेल आणि फरकही नेमका सातचा निघाला, तर तो 'पुश': पैज रद्द, पैसे परत. तिथे 'पैसे परत' एवढंच लिहा, शब्द घडवत बसू नका.

प्रतिसाद

'भार' मलाही आवडला. पण एक धोका आहे. 'बोस्टन साडेसहाने जिंकणार असं जाणकार म्हणतात' असा अर्थ वाचणारा काढेल. अंदाजातून आकडा सुरू होतो हे खरं, पण जाहीर झाल्यावर तो बाजारातल्या भावासारखा वागतो. एका बाजूला जास्त पैसा आला किंवा मोठा खेळाडू आज खेळणार नाही अशी बातमी फुटली, की तो हलतो. साडेसहाचा भार सकाळपर्यंत साडेचारचा होतो. माहितीपटात 'लाइन मूव्ह्ड' असं येत असेल, तर 'ओळ सरकली' अजिबात नको. 'भाव हलला' म्हणा. मुंबईत क्रिकेटवर पैसे लावणाऱ्यांच्या तोंडी हाच शब्द आहे.

बुकीची कमाई समजल्याशिवाय हा धंदा कळत नाही, म्हणून थोडा हिशेब. दोन्ही बाजूंना नेहमीचा दर असा असतो, की १०० डॉलर कमवायला ११० लावायचे. १०० वेळा ११० लावून ५२ वेळा जिंकलात, तर कमाई ५,२०० आणि ४८ वेळांचं नुकसान ५,२८०. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरूनही ८० डॉलर गेले. तोटा टाळायला साधारण ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. या फरकाला ते 'व्हिग' किंवा 'ज्यूस' म्हणतात. आपण सरळ 'बुकीची कटती' म्हणू.

या पद्धतीचं श्रेय सहसा शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात, काळ १९४० च्या दशकाचा. ते गणिताचे शिक्षक होते. दुबळा संघ आणि तगडा संघ यांच्या सामन्यात तगड्यावरच सगळे पैसे लावणार, मग बुकी धंदा कसा करणार? भार चढवल्यावर दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक मिळायला लागलं.

प्रतिसाद

एक छोटी सूचना. ब्रिटनमध्ये 'स्प्रेड बेटिंग' म्हणतात ते वेगळं प्रकरण आहे. तिथे तुमचा अंदाज जितका जास्त बरोबर तितकी जास्त कमाई, आणि जितका चुकेल तितका जास्त तोटा. अमेरिकेत भार पेलला की ठरलेली रक्कम मिळते, एका गुणाने पेलला काय किंवा वीस गुणांनी. शेअर बाजारातला 'स्प्रेड' तर तिसराच. त्यामुळे नुसतं 'स्प्रेड' ठेवलंत, तर मराठी वाचकापुढे तीन अर्थ उभे राहतील.

प्रतिसाद

'पॉइंट शेव्हिंग'ला 'सामनानिश्चिती' नको. यावर मी अडून बसणार आहे. सामनानिश्चितीत कोण जिंकणार ते ठरवलेलं असतं. इथे संघ जिंकू शकतो आणि तरीही गुन्हा घडतो. दहाचा भार असताना खेळाडू पैसे घेऊन सहानेच जिंकतात. प्रेक्षक खूश, प्रशिक्षक खूश, कुणाला शंकाही येत नाही. स्प्रेडच्या पोटात दडलेला हा धोका 'सामनानिश्चिती' या शब्दात पुसला जातो.

आपल्याकडे याला तयार क्रियापद आहे: अंग चोरणे. 'ते अंग चोरून खेळले.' पैशाचा उल्लेख हवा असेल, तर 'पैसे घेऊन अंग चोरलं'.

तुमच्या माहितीपटात १९५१ सालचं न्यूयॉर्कचं प्रकरण बहुधा असेल. सिटी कॉलेजच्या संघाने १९५० मध्ये एकाच हंगामात एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही महाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्या होत्या. असा पराक्रम दुसऱ्या कुठल्या संघाला साधलेला नाही. पुढच्याच वर्षी त्यातल्या खेळाडूंना अटक झाली आणि चौकशी पसरत सात महाविद्यालयांपर्यंत गेली. काही सामने ते हरलेही, पण गुन्ह्याचं मूळ फरक सांभाळण्यात होतं. पोरसवदा मुलं होती. त्यांच्याविषयी लिहिताना शब्द नेमका हवा, असं मला मनापासून वाटतं.

टिम डोनाही प्रकरणाला मात्र 'अंग चोरणे' लावू नका. तो खेळाडू नव्हता, एनबीएचा पंच होता. त्याने २००७ मध्ये न्यायालयात पैजांशी संबंधित गुन्हा कबूल केला आणि त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. टोरंटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बाद झाला, ते प्रकरण एकट्या खेळाडूच्या वैयक्तिक गुणांसारख्या आकड्यांवरच्या पैजांचं होतं, संघाच्या फरकाचं नव्हतं. पण आजाराचं कारण सांगून तो सामन्यातून लवकर बाहेर पडला होता, म्हणून 'अंग चोरलं' तिथे चपखल बसतं.

प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला, मनापासून आभार. आता दोन शंका. पैसे लावणाऱ्या सामान्य माणसाला 'सट्टेबाज' म्हणू का? आणि 'बॅकडोअर कव्हर'चं काय करू?

प्रतिसाद

'सट्टेबाज' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांचा छापा येतो. अमेरिकेत १४ मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खेळांवरच्या पैजांना परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला राज्यं मोकळी झाली आणि बऱ्याच राज्यांनी ती दिली. तिथे फोनवरून वीस डॉलर लावणारा माणूस कायदा मोडत नसतो. त्याला 'पैज लावणारा' म्हणा. १९५१ च्या भागात 'बुकी' आणि 'जुगारी' खुशाल वापरा, तेव्हाचा धंदा चोरटाच होता. घरदार गेलेल्या माणसाची मुलाखत असेल तर 'सगळं पणाला लावलं'.

'बॅकडोअर कव्हर' म्हणजे वरच्या उदाहरणातली हॉर्नेट्सची शेवटची बास्केट. 'मागच्या दाराने' लिहायचा मोह होईल, पण मराठीत त्याला लबाडीचा वास आहे आणि इथे लबाडी कुणीच केलेली नसते. मी लिहीन: 'हॉर्नेट्स हरले, पण हरता हरता पैज वाचवून गेले.' जागा कमी पडली तर पहिले दोन शब्द गाळा.