मागणीच्या लवचिकतेवर प्रकल्प: वाशीचं कांदा-बटाटा मार्केट घेऊ का?

प्रश्न (टीवायबीए, कोपरखैरणे): वर्गात सगळे मोबाइल घेतायत. मला मात्र कांदाच हवाय, आमच्या घरी महिन्याचा हिशोब त्यावरच हलतो. चालेल ना?

उत्तर: घेच! लवचिकता म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. भाव दुप्पट झाला तरी घरातला कांदा निम्म्यावर येत नाही, म्हणजे मागणी अलवचिक. पण खानावळवाल्यांना नक्की विचार. कांदा महागला की ताटात कोबी येतो. पर्याय असला की लवचिकता वाढते, आणि हे पुस्तकापेक्षा तिथे चांगलं कळतं.

उत्तर: २०१६ मध्ये राज्याने कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायला मोकळा केला, तेही लिही. घाऊक आणि हातगाडीचा भाव एकाच दिवशी टिपून घे, बाळा.

प्रश्नकर्ती: हो काका, सकाळीच मार्केटला जाते. खानावळींची यादी आजच करते.