शब्दचर्चा: चित्राचं गूढ, रहस्य की कोडं?

सायली_प: मंडळी, गाजलेल्या चित्रांमागच्या न सुटलेल्या प्रश्नांवर लिहितेय. मी 'रहस्य' लिहिलं की संपादकबाई खोडून 'गूढ' करतात, आणि पुढच्याच परिच्छेदात स्वतः 'कोडं' घालतात. या तिन्हींत खरंच फरक आहे, की ज्याची त्याची आवड?

पेणचा_बाळू: फरक आहे, सायलीताई, आणि तो क्रियापदांत सापडतो. कोडं 'घालतात', म्हणजे घालणारा कुणीतरी असतो, आणि ते सुटतं. रहस्याचा भेद होतो. चोरीचा छडा लागतो. गूढ मात्र वाढतं, दाटतं. 'रहस्य' आलं 'रहस्' म्हणजे एकांतावरून. 'गूढ' हे 'गुह्' म्हणजे झाकणे या धातूवरून. 'गुहा' आणि 'गुह्य' त्याच घरातले.

अक्षरवेडी: बाळूदादांचं पटलं. मी तर एवढंच बघते, की उत्तर कुणाकडे आहे? माणसाकडे असेल तर रहस्य, चित्रातच दडवलं असेल तर कोडं, आणि कुणाकडेच नसेल तर गूढ.

बेल्जियममधल्या गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमधलं, चित्रकार व्हान आइक बंधूंनी लाकडी फळ्यांवर रंगवलेलं वेदीचित्र घ्या. ११ एप्रिल १९३४ ला सकाळी कळलं, की त्याच्या दोन फळ्या रात्रीत गेल्या. दहा लाख बेल्जियन फ्रँकची मागणी आली, आणि फळी खरंच आपल्याकडे आहे हे पटवायला चोराने एक परतही केली. दुसरी, 'न्यायी न्यायाधीश', आजतागायत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्सेन गोडर्टिए नावाच्या शेअर दलालाने मरताना वकिलाला सांगितलं, की फळी कुठे आहे ते फक्त मला ठाऊक आहे. आणि जागा न सांगताच तो गेला. हे रहस्य. इथे 'गूढ' लिहिलंत तर त्या दलालाला फुकट सोडल्यासारखं होईल!

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं यान व्हान आइकचं 'आर्नोल्फिनी' (१४३४) हे एका जोडप्याचं चित्र मात्र कोडं. मागच्या भिंतीवर फुगीर आरसा, आरशात दारात उभे दोघे जण, आणि आरशाच्या वर चित्रकाराने लिहून ठेवलंय, 'यान व्हान आइक इथे होता'. झुंबरात भर दिवसा एकच मेणबत्ती पेटलेली. घातलेलंच कोडं आहे हो! बरं, जोडपं कोण? आधी ज्या आर्नोल्फिनीचं नाव घेत, त्याचं लग्न १४४७ मधलं निघालं, म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी. मग त्याचा चुलतभाऊ पुढे आला, तर त्याची बायको १४३३ मध्येच वारलेली. काही अभ्यासक म्हणतात, हे तिचंच स्मृतिचित्र. तसं असेल तर ती एकटी मेणबत्ती वेगळीच दिसायला लागते. (बाई गरोदर नाही, तेव्हाच्या रीतीप्रमाणे झगा पुढे उचलून धरलाय. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.)

सायली_प: मग हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातली, डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी?

अक्षरवेडी: ते गूढ. ती कोण, याला उत्तर असेलच असं नाही. डच लोक अशा चित्राला 'ट्रोनी' म्हणत: ठरावीक व्यक्तीचं नव्हे, नुसता चेहरा, पोशाख, प्रकाश. २०२० मध्ये संग्रहालयाने तपासणीचे निष्कर्ष सांगितले. काळ्या दिसणाऱ्या पार्श्वभूमीवर मुळात हिरवा पडदा होता, डोळ्यांना बारीक पापण्या होत्या, आणि मोत्याला कानात अडकवायची कडीच रंगवलेली नाही. पांढऱ्या रंगाचे दोनचार फटकारे, बास. इतकं कळलं तरी मुलगी जिथल्या तिथेच. हे वाढणारं गूढ.

निमकर_काका: ते 'मोनालिसाचं गूढ स्मित' तेवढं बंद करा बुवा. बाई फ्लोरेन्सच्या रेशीम व्यापाऱ्याची बायको, लिसा गेरार्दिनी. पण 'गूढ' शब्द सुटत नाही, वर्तमानपत्रांतून तर नाहीच.

पेणचा_बाळू: आणि बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयाचं काय? १८ मार्च १९९० ला पहाटे पोलिसांच्या वेशातले दोघे रखवालदारांना बांधून तेरा वस्तू घेऊन गेले, व्हर्मीरचं 'द कॉन्सर्ट' त्यात. रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत, इनाम एक कोटी डॉलर.

अक्षरवेडी: तिथे साधं 'छडा लागला नाही' लिहा. चोरीला चोरीच म्हणावं.

सायली_प: 'गौडबंगाल' कुठे बसवू? फार आवडता शब्द आहे.

निमकर_काका: लिओनार्दोच्या नावावर विकल्या गेलेल्या 'साल्वातोर मुंदी' या येशूच्या चित्राला. १९५८ मध्ये ४५ पौंडांना गेलं, २०१७ मध्ये ४५ कोटी डॉलरला. लिओनार्दोचं किती आणि त्याच्या शिष्यांचं किती यावर जाणकार भांडतायत, आणि विक्रीनंतर चित्र लोकांसमोर आलेलंच नाही. व्यवहारात पाणी मुरतंय असं वाटलं, की तिथे गौडबंगाल. व्हर्मीरच्या पोरीला तो शब्द लावू नका म्हणजे झालं.