अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे देशाच्या कर्जाला लागू पडतं का?

ताळेबंद:
सध्या एक पोस्ट फिरतेय: "देश म्हणजे मोठं घरच. अंथरूण पाहून पाय पसरावेत. कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या) ६० टक्क्यांवर गेलं की दिवाळं ठरलेलं, म्हणून आधी खर्च कापा." यावर गप्प बसवत नाही.

६० चा आकडा युरोपीय संघाच्या मास्ट्रिक्ट करारातला. तूट जीडीपीच्या ३ टक्के आणि जीडीपीची महागाईसकट वाढ ५ टक्के धरली, तर कर्ज ढोबळमानाने ३ भागिले ५, म्हणजे ६० टक्क्यांवर थांबतं. वाढ १० असेल तर तीच तूट ३० वर थांबते, २ असेल तर १५० वर. यात ६० ला धोक्याची रेषा म्हणण्यासारखं काहीच नाही.

आता कर्ज १००, जीडीपी १००, प्राथमिक तूट (व्याज वगळून उरणारी तूट) शून्य धरा. व्याज ७, वाढ १०: वर्षाअखेर १०७ भागिले ११०, प्रमाण ९७.३. उलट करा, व्याज १०, वाढ ७: प्रमाण १०२.८. घराचं अंथरूण तेवढंच राहतं, देशाचं लांबतं किंवा आखडतं. ग्रीसमध्ये २०१२ साली खासगी धनकोंनी दर्शनी किमतीच्या ५३.५ टक्क्यांवर पाणी सोडलं, तरी २०१४ पर्यंत प्रमाण पुन्हा १७५ च्या वर. खर्च कापता कापता भाजकच, म्हणजे जीडीपीच, आटला.

काटकसर:
गणित मान्य, पण त्यातून काढलेला अर्थ घातक आहे. वाढ यायला वर्षं लागतात, व्याजदर एका दुपारात उलटतो. ब्रिटन, सप्टेंबर २०२२: पैशांची सोय न करता करकपात जाहीर झाली आणि आठवड्याच्या आत ३० वर्षांच्या रोख्यांचा परतावा ५ टक्क्यांवर गेला. पेन्शन फंडांनी तेच रोखे तारण ठेवले होते. परतावा चढला म्हणजे रोख्यांचे भाव पडले, जादा तारण मागितलं गेलं, त्यासाठी रोखे विकले, भाव आणखी पडले.

ताळेबंद:
आणि बँक ऑफ इंग्लंड, म्हणजे ब्रिटनची मध्यवर्ती बँक, रोखे खरेदीला उतरल्यावर ते चक्र थांबलं. स्वतःचं चलन होतं म्हणून. ग्रीसचं चलन युरो, त्याला ती सोय नव्हती. दोघांना एका मापाने का मोजता?

ठेवीदार:
"स्वतःचं चलन" म्हणताना बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं तेही सांगा. अमेरिकेत १९४६ साली लोकांच्या हातातलं सरकारी कर्ज जीडीपीच्या १०६ टक्के होतं, १९७४ पर्यंत २३ च्या आसपास आलं. सगळे म्हणतात, बघा, वाढीने फिटलं. पण १९५१ पर्यंत फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा दर अडीच टक्क्यांवर दाबून धरला होता आणि १९४७ साली महागाई १४ टक्क्यांच्या घरात होती. रोखे धरून बसलेल्याची खरी किंमत त्या एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त झिजली. हा कर आहे, फक्त तो कुठल्याही संसदेत मंजूर झालेला नाही. निवृत्त माणूस रोखे घेतो, महागाईपुढे हतबल होतो, आणि तज्ज्ञ त्याला "प्रमाण सुधारलं" असं सांगतात. संताप येतो.

ताळेबंद:
संताप रास्त, हिशेब अर्धा. त्या काळात खरं उत्पादनही भरपूर वाढलं आणि बऱ्याच वर्षी प्राथमिक शिल्लक होती. सगळं श्रेय महागाईला देऊ नका.

ठेवीदार:
सगळं दिलं कुठे? तुम्ही तर तिचा भार कोणावर पडतो याचं नावही घेतलं नव्हतं!

ताळेबंद:
घेतलं नव्हतं. ती चूक माझी.

मुदतपूर्ती:
तुम्ही दोघं दरावर भांडताय, पण देश अडकतो तो मुदतीवर आणि चलनावर. कर्जाची सरासरी मुदत १४ वर्षं असेल, तर दर वाढले तरी झळ हळूहळू लागते, कारण जुने रोखे जुन्याच दराने चालतात. तीच मुदत २ वर्षं असेल तर कर्जाचा मोठा हिस्सा वर्षभरातच नव्या दराने उचलावा लागतो. श्रीलंकेने २०१९ अखेर मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. महसूल घसरला, पतमानांकन खाली आलं, परदेशी बाजारात नवे रोखे विकता येईनात आणि डॉलरचे हप्ते परकीय चलनाच्या गंगाजळीतून जाऊ लागले. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबली. रुपये छापता येतात, डॉलर नाही. प्रमाण सर्वांत शेवटी बघा. आधी व्याजावर महसुलातला किती हिस्सा जातो ते, आणि सरकारी कंपन्यांना दिलेल्या हमी, ज्या तुटीच्या आकड्यात दिसतच नाहीत.

काटकसर:
६० ही लक्ष्मणरेषा नाही, हे मान्य करतो. पण श्रीलंकेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: आधी करकपात, मग खड्डा. अंथरूण लांबेल या भरवशावर पाय आधी पसरले गेले.

ताळेबंद:
करकपातीबद्दल सहमत. त्या पोस्टमध्ये मात्र उपाय फक्त खर्चकपातीचा होता, कराचा शब्दही नव्हता.