मिंग दरबाराचा पोशाख : झग्याची डावी बाजू वर की उजवी?

नेपथ्यवाला

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने यंदा चीनच्या मिंग घराण्यातील वान्ली सम्राटाच्या (कारकीर्द १५७२ ते १६२०) दरबारात घडणारे दोन अंकी नाटक हाती घेतले असून वेशभूषेची जबाबदारी माझ्याकडे आहे. शिंप्याकडून पहिले झगे शिवून आले, तेव्हा असे दिसले की अधिकाऱ्यांच्या झग्यांत डावी बाजू उजवीवर येते, तर महाराणीच्या झग्यात नेमके उलट आहे. विचारल्यावर शिंपीदादांनी शांतपणे सांगितले, "बायकांचे असेच असते." ब्लाउजच्या हुकपट्टीच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण चिनी पोशाखाला तोच हिशेब लावता येतो का? शिवाय भाड्याने आणलेल्या सामानात पुरुषांसाठी लांब वेण्या, घोड्याच्या खुरासारख्या टोकांच्या बाह्यांचे अंगरखे आणि छातीवर लावायचे पक्ष्यांचे भरतकाम केलेले चौकोन आहेत. यांतले काय ठेवावे आणि काय परत करावे?

धागादोरा

महाराणीचा झगा उसवावा लागेल. चिनी परंपरेत स्त्री असो वा पुरुष, डावी बाजू उजवीवर आणून उजव्या बगलेपाशी बांधणे हीच रीत होती. उलट बाजूने झगा बांधणे हे सीमेपलीकडच्या रानटी टोळ्यांचे लक्षण मानले जाई, इतके की ग्वान चुंग हा मुत्सद्दी झाला नसता तर आपण सगळे आज केस मोकळे सोडून डावीकडे बंद बांधत हिंडत असतो, असे खुद्द कन्फ्यूशियस म्हणून गेला आहे. दुसरा अपवाद अधिक अडचणीचा आहे. 'लीजी' या प्राचीन आचारग्रंथाप्रमाणे प्रेताला वस्त्रे गुंडाळतात ती डावीकडे बंद करून, आणि गाठही सुटणार नाही अशी मारतात. तुमची महाराणी पहिल्याच प्रवेशात प्रेताच्या पेहरावात दिसावी, अशी दिग्दर्शकांची इच्छा नसावी!

आपल्याकडेही मुघल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजवीकडे आणि हिंदू डावीकडे बांधत, त्यामुळे जुन्या चित्रांतील माणूस कोण हे अभ्यासकांना बगलेवरून ओळखता येते. बाजूला एवढे महत्त्व देणारे चिनी एकटेच नव्हते.

वेण्या आणि खुराच्या बाह्या मात्र आजच परत करा. त्या मांचू लोकांच्या, म्हणजे १६४४ नंतरच्या छिंग राजवटीच्या आहेत. कपाळाकडचे केस भादरून मागे वेणी ठेवण्याची सक्ती हान, म्हणजे मूळच्या बहुसंख्य चिनी, पुरुषांवर १६४५ मध्ये झाली आणि ती न पाळणाऱ्यांची डोकी उडवली गेली. वान्लीच्या काळातील पुरुष लांब केसांचा बुचडा डोक्यावर बांधून त्यावर जाळीदार पट्टी आवळत, आणि अधिकारी वर काळ्या जाळीची, दोन्ही बाजूंना पंख असलेली टोपी घालत.

रेशीमकिडा

चौकोनांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा प्रेक्षक सर्वाधिक वेळ पाहणार आहे ते तेच. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना पशू, ही पद्धत मिंग काळात १३९१ साली ठरली. मुलकी सेवेत पहिल्या श्रेणीला करकोचासारखा लांब मानेचा क्रौंच, तिसऱ्या श्रेणीला मोर, आणि उतरत उतरत नवव्या श्रेणीला लावा. लष्करात पहिल्या दोन श्रेणींना सिंह. झग्याचा रंगही श्रेणीनुसारच असे : पहिल्या चार श्रेणींना किरमिजी, पाचवी ते सातवी निळा, आणि त्याखाली हिरवा. म्हणजे हिरव्या झग्यावर क्रौंच लावलात तर जाणकार हसतील.

आता तुमचे चौकोन उलटून पाहा. छातीवरचा चौकोन मधोमध उभा दुभागलेला असेल, तर तो छिंग काळातील आहे. कारण तेव्हाचा वरचा अंगरखा समोरून मधोमध उघडत असे. मिंग झगा गोल गळ्याचा आणि बाजूला बंद होणारा असल्याने त्यावरचा चौकोन अखंड आणि छातीभर मोठा असतो.

सम्राटाला मण्यांच्या बारा माळा पुढे आणि बारा मागे लोंबणारा मुकुट सरसकट देऊ नका. तो मोठ्या यज्ञविधींचा पेहराव होता. रोजच्या दरबारात गोल गळ्याचा, ड्रॅगनचे भरतकाम असलेला पिवळा झगा पुरेल.

उत्तररात्र

वरच्या माहितीत चूक नाही, फक्त 'अस्सल चिनी' या शब्दापासून जरा जपावे असे वाटते. मिंग संस्थापकाने १३६८ मध्ये मंगोल वेश बंद करून त्याआधीच्या थांग घराण्याच्या काळातील (इ.स. ६१८ ते ९०७) पोशाख पुन्हा सुरू करण्याचा हुकूम काढला खरा. पण थांगांचा तो गोल गळ्याचा झगा मुळात उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांकडूनच आलेला होता. त्याही आधी, इ.स.पू. ३०७ मध्ये, चाओ राज्याच्या वूलिंग राजाने घोड्यावरून बाण मारणे सोपे जावे म्हणून सैन्याला शत्रू असलेल्या घोडेस्वार टोळ्यांचाच आखूड अंगरखा आणि विजार घालायला लावली, आणि दरबाऱ्यांनी नाके मुरडली.

कापडाबाबत एक सूचना. चमकदार सॅटिन टाळा. छांग्शाजवळच्या मावांग्दुई येथे १९७२ मध्ये उघडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान घराण्याच्या काळातील थडग्यात एका सरदारपत्नीचा जाळीदार रेशमी झगा सापडला. पूर्ण बाह्यांचा, १२८ सेंटिमीटर लांबीचा, आणि वजन अवघे ४९ ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढे. ते तुम्हाला साधणार नाही, पण आतल्या झग्याला पातळ मलमल वापरलीत तर बाह्यांचा झोळ नीट पडेल.

नेपथ्यवाला

सर्वांचे आभार. चौकोन तपासले, सहाच्या सहा मधोमध दुभागलेले निघाले, त्यामुळे तेही वेण्यांबरोबर परत जात आहेत. महाराणीचा झगा उसवायला दिला आहे. शिंपीदादांना प्रेतवस्त्राचे कारण सांगितल्यावर त्यांनी मजुरी घेण्यास नकार दिला, आणि पहिली उसवण माझ्यासमोरच केली.