मदत हवी आहे: मॅक, लिनक्स आणि विंडोज, तिन्हीकडे चालेल अशी इन्स्टॉल स्क्रिप्ट

नमस्कार मंडळी,

जुन्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक कमांड लाइन टूल आम्ही काही मित्र मिळून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहितोय. टूल छान चालतं, अडतंय ते इन्स्टॉल स्क्रिप्टपाशी. वापरणाऱ्यांत मॅकवर काम करणारे डीटीपीवाले आहेत, उबंटू आणि अल्पाइन या लिनक्सच्या प्रकारांवाले आहेत, विंडोजवर गिट बॅश (लिनक्ससारखं टर्मिनल) उघडणारेही आहेत. ज्यांचा मजकूर त्या फाँटांत अडकलाय त्यातल्या बहुतेकांना टर्मिनलची सवय नाही. पहिल्याच एररला ते हात टेकतात, म्हणून ही स्क्रिप्ट नीट व्हावी अशी फार इच्छा आहे.

फाइल डाउनलोड करणं, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारी खूण) ताडून पाहणं, पाथमध्ये (शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, जिथे आज्ञा शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) ओळ घालणं ही फंक्शन्स वेगळ्या फाइलमध्ये काढली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच फंक्शन: 'युनेम' या प्रणालीचं नाव सांगणाऱ्या आज्ञेला विचारून डार्विन (म्हणजे मॅक) की लिनक्स ते ठरवायचं आणि बाकीच्यांनी त्यानुसार वागायचं. घोळ इथेच होतोय. मॅकच्या 'सेड'ला (मजकूर बदलणारी आज्ञा) 'उणे आय'नंतर (फाइलमध्ये जागच्या जागी बदल करायचा पर्याय) रिकामं अवतरण वेगळं द्यावं लागतं, म्हणून मॅकसाठी तसं लिहिलं. पण एकाने होमब्रूमधून (मॅकवर साधनं इन्स्टॉल करायची सोय) ग्नू सेड, म्हणजे लिनक्सवरचं सेड, घेऊन पाथमध्ये पुढे ठेवलंय. ते रिकाम्या अवतरणालाच आज्ञा समजतं आणि खऱ्या आज्ञेला फाइलचं नाव! अल्पाइनवर त्याहून विचित्र: फाइल डोळ्यांसमोर असते, परवानगी असते, तरी शेल म्हणतं 'सापडली नाही'. आणि एम-१ मॅकवर (आर्म चिपच्या) टर्मिनल रोझेटातून (इंटेलसाठीचे प्रोग्राम चालवणारी सोय) उघडलेलं असेल तर 'युनेम' इंटेल सांगतं.

प्रत्येक प्रणालीसाठी आणखी अटी घालत जायचं, की मांडणीच बदलायची?

प्रतिसाद

मांडणी बदला. प्रणालीचं नाव फक्त कोणती बायनरी (चालवायला तयार फाइल) उतरवायची हे ठरवायला वापरा. बाकी सगळीकडे 'कमांड उणे व्ही'ने साधन आहे का ते बघा: डाउनलोडसाठी कर्ल नसेल तर डब्ल्यूगेट, चेकसमसाठी एसएचए२५६सम नसेल तर शासम. सेडची जागच्या जागी बदलाची सोय सोडूनच द्या. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि 'कॅट'ने मूळ फाइलमध्ये ओता. 'एमव्ही'ने नवी फाइल जुनीच्या जागी हलवलीत तर ज्यांची झेडएसएचआरसी (मॅकच्या शेलची सेटिंग फाइल) ही सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलकडे नेणारा दुवा, आहे त्यांची लिंक तुटेल. हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

अल्पाइनवर न सापडणारी गोष्ट म्हणजे तुमची फाइल नव्हे, तिला सुरू करायला लागणारा ग्लिबसीचा (बहुतेक लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा) लोडर. अल्पाइनवर ग्लिबसीऐवजी मसल असतं. ते ओळखणारं फंक्शन लिहीत बसू नका. लिनक्ससाठी मसल टार्गेटचा स्टॅटिक बिल्डच (लायब्ररी आतच घातलेली बायनरी) द्या, तो उबंटूवरही चालतो. मसलचं मेमरी वाटप काही कामांत हळू पडतं, पण मजकूर बदलणाऱ्या छोट्या टूलला त्याने फरक पडू नये. रोझेटासाठी 'सिसकंट्रोल' या प्रणालीची माहिती देणाऱ्या आज्ञेला 'प्रॉक ट्रान्सलेटेड' ही किल्ली विचारा, उत्तर १ आलं तर आर्म बायनरी उतरवा. इंटेल मॅकवर ही किल्लीच नसते, तेव्हा तिथली एरर गिळून पुढे जा.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत. शिवाय पहिल्या ओळीत स्क्रिप्ट चालवणारं शेल म्हणून बॅश असेल तर काढून साधं 'एसएच' करा. अल्पाइनवर बॅश मुळात नसतं आणि मॅकसोबत येणारं अजून ३.२ वर आहे, त्यात नावाने किंमत शोधता येणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे नाहीत. उबंटूवर २००६ पासून 'एसएच' म्हणजे डॅश हे साधं शेल, तेव्हा अटींसाठी बॅशचे दुहेरी चौकटी कंसही नकोत. सगळं एका 'मेन' फंक्शनमध्ये घालून त्याला शेवटच्या ओळीत बोलवा, म्हणजे नेट मध्येच तुटलं तर अर्धी स्क्रिप्ट चालणार नाही. विंडोजसाठी गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एलएफ (लिनक्सच्या पद्धतीची ओळ-अखेर) सक्तीचं करा, पण पॉवरशेलची (विंडोजच्या स्वतःच्या शेलची) वेगळी स्क्रिप्ट दिलीत तर उत्तम.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मसल बिल्ड अल्पाइन आणि उबंटू दोन्हीकडे चालला, प्रणाली ओळखायचं अख्खं फंक्शन उडवलं. एक शंका उरली. बायनरी होममधल्या 'डॉट लोकल'च्या 'बिन'मध्ये ठेवतोय. ते फोल्डर असलं तर उबंटूची प्रोफाइल पुढच्या लॉगिनला पाथमध्ये घेते, मॅक घेत नाही. मॅकवर झेडएसएचआरसीत ओळ आपणहून घालावी, की ती ओळ दाखवून वापरणाऱ्याला घालायला सांगावी? टूल काढताना ती ओळ कोणी पुसायची, हेही ठरत नाहीये.