दोन चालक, एक ऑक्टाव्हिया आरएस आणि चेन्नईच्या ट्रॅकवरचे दोन दिवस : नियोजन कसे करावे?

ताम्हिणीकर

नमस्कार. पुण्यातील आम्ही काही हौशी मंडळी जानेवारीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, म्हणजे जुने लोक ज्याला अजूनही एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात त्या ट्रॅकवर, एका शनिवार-रविवारी गाड्या चालवायला जाणार आहोत. गटात एक पोर्श केमन, एक बीएमडब्ल्यू एम२, दोन पोलो जीटी आणि माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० एवढ्या गाड्या आहेत. एका मित्राने आपली गाडी नुकतीच विकली आहे. त्यामुळे माझीच गाडी आम्ही दोघांनी दोन्ही दिवस वाटून चालवावी आणि सगळा खर्च निम्मा-निम्मा करावा, असा विचार आहे. आम्हा दोघांनाही ट्रॅकचा अनुभव नाही. थोडे कार्टिंग आणि भल्या पहाटेचा ताम्हिणी घाट एवढीच आमची पुंजी आहे.

गाडीच्या इंजिनात किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल केलेला नाही. ब्रेक पॅड कंपनीचे मूळचेच असून साधारण निम्मे शिल्लक आहेत आणि ब्रेक ऑइल मागच्या सर्व्हिसिंगला बदललेले नाही. गाडी चालवतच नेणार आणि चालवतच परत आणणार आहोत. दोन चालकांचा ताण ही गाडी सोसेल का, पाळ्या कशा लावाव्यात, आणि मित्राच्या हातून काही झाले तर विमा आणि भरपाई यांचे काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उतारावर_दुसरा

गाडी एकामागून एक दोघांनी चालवल्याने बिघडत नाही. तिला मध्ये विसावा न मिळाल्याने बिघडते. ट्रॅक डेला, म्हणजे आपापल्या गाड्या ट्रॅकवर चालवण्याच्या अशा दिवशी, सहसा अनुभवानुसार गट पाडतात, प्रत्येक गट पंधरा-वीस मिनिटे ट्रॅकवर जातो आणि मग दुसऱ्या गटांची पाळी होईपर्यंत बाहेर थांबतो. हा थांबण्याचा वेळ चालकाला पाणी पिऊन गप्पा मारण्यासाठी दिलेला असतो असे नवख्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो ब्रेक, गिअरबॉक्सचे तेल आणि टायर निवण्यासाठी असतो. तुम्ही एका गटात आणि मित्र लगेच पुढच्या गटात असे नाव नोंदवलेत, तर गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन फक्त चालक बदलून तशीच तापलेली परत जाईल, आणि शनिवारी दुपारच्या जेवणापूर्वीच तुमचे ब्रेक संपलेले असतील.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर हिशेब करून पाहा. सुमारे दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर आणताना ब्रेकना साधारण १.४ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत चार लिटर गार पाणी उकळीला येईल. हे एकदा नव्हे, तर प्रत्येक फेरीत निरनिराळ्या वळणांपूर्वी कमी-अधिक प्रमाणात घडते, आणि वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होत असल्यामुळे घाटात ब्रेक कधी दगा देत नाहीत या अनुभवाचा येथे काहीही उपयोग नसतो.

म्हणून पहिले काम ब्रेक ऑइलचे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलेले असताना मानकाला १५५ अंशसुद्धा चालतात. आपल्याकडचे दोन पावसाळे पाहिलेले ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे मला तरी धाडसाचे वाटते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि खाली जात राहते. पॅड तापून त्यांची पकड गेली असेल तर लक्षण वेगळे असते : पेडल घट्टच लागते, पण गाडी थांबत नाही. हा फरक दोघांनीही ध्यानात ठेवावा, आणि यांपैकी काहीही जाणवले तर ती फेरी सावकाश पूर्ण करून पिटमध्ये यावे. उत्कलनबिंदू जास्त असलेले चांगले डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्या, डॉट ५ हे नाव सारखे दिसले तरी ते सिलिकोनचे वेगळेच ऑइल आहे आणि ते तुमच्या गाडीत चालणार नाही.

निम्मे राहिलेले पॅड एकट्या चालकाला कदाचित पुरले असते. दोघांसाठी नवेच बसवा आणि जुने सोबत ठेवा. पॅड जितका पातळ, तितकी डिस्कची उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधील ऑइलपर्यंत लवकर पोहोचते, त्यामुळे प्रश्न केवळ झिजेचा नाही. तुमच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स वळणात आतल्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, म्हणजे तुम्ही पेडलला पाय लावला नसतानाही पॅड झिजत आणि तापत असतात. तरीही गाडी घसरू न देणारे हे स्थैर्य नियंत्रण बंद करू नका. पॅड पुन्हा विकत मिळतात.

पाळ्यांविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की दोघांनी एकाच नवशिक्या गटात नाव घालावे आणि एका आड एक सत्र चालवावे. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी सत्रे येतील हे खरे, परंतु नवख्या माणसाचे लक्ष दहा-बारा मिनिटांनंतर विरू लागते आणि बहुतेक चुका सत्राच्या शेवटच्या फेऱ्यांत होतात, त्यामुळे निम्म्या सत्रांत तुमचे फारसे नुकसान नाही. आयोजकांची परवानगी असेल तर ज्याची पाळी नाही त्याने शेजारच्या आसनावर बसावे, कारण दुसऱ्याची ब्रेक मारण्याची जागा बाहेरून नव्हे, आतूनच कळते. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता फिरून गाडी गार करा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका. गिअर पी (पार्किंग) मध्ये टाकून चाकामागे वीट ठेवा, म्हणजे तापलेले पॅड डिस्कवर एकाच जागी चिकटून बसणार नाहीत.

कलम_आणि_क्लच

विम्याचे उत्तर कटू असले तरी सरळ आहे : विमा नाही असे समजूनच जा. आपल्याकडील खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा सांगणारे जे कलम असते, त्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, पेस मेकिंग (इतरांसाठी पुढे राहून वेग ठरवून देणे) आणि विश्वसनीयता चाचणी हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे असा युक्तिवाद करता येतो आणि तो तत्त्वतः खराही आहे. पण डॅशबोर्डवर फेरीची वेळ मोजणारा लॅप टायमर चालू असेल आणि संध्याकाळी त्याची चित्रफीत गटात फिरत असेल, तर ती वेगाची चाचणी नव्हती हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला पटवून देणे अवघड जाईल. घरून ट्रॅकपर्यंतचा आणि परतीचा प्रवास मात्र नेहमीसारखाच पॉलिसीत येतो.

दुसरी बाजू मित्राची. प्रवेशद्वारावर आयोजक तुमच्याकडून जी हमी लिहून घेतात, तिच्यात साधारणपणे स्वतःच्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी चालक स्वीकारतो, आणि ट्रॅकच्या कठड्यांचे नुकसान केल्यास त्याची भरपाईही अनेक ठिकाणी मागितली जाते. मालक तुम्ही आणि चालक तो, अशा वेळी हे बिल कोणाचे, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. माझ्या मते न्याय्य वाटणी अशी : पॅड, ऑइल, टायर, पेट्रोल आणि मार्गावरचा खर्च निम्मा, गाडी आदळली किंवा घसरून कठड्याला लागली तर ज्याच्या हाती स्टिअरिंग होते त्याचा संपूर्ण खर्च, आणि कोणाच्याही चुकीशिवाय एखादा यांत्रिक भाग गेला, तर तो मालकाचा, कारण तो भाग कोणाच्या फेऱ्यांनी गेला हे सिद्ध करता येत नाही आणि त्यावरून मैत्री मोडण्यात अर्थ नाही. हे तीन मुद्दे दोघांनी लिहून एकमेकांना पाठवावेत. मित्राला संकोच वाटत असेल, तर संपूर्ण दुरुस्तीचा खर्च परवडेल का हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा; उत्तर नाही असेल, तर ही गाडी त्याने ट्रॅकवर चालवू नये.

शोळावरमचा_वारा

मी मूळचा साताऱ्याचा, पण नोकरीनिमित्त चेन्नईत रुळलेला. तुम्हाला एक सोय सांगतो : पुण्याहून जो राष्ट्रीय महामार्ग ४८ धराल, तोच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर आणि वेल्लोर करत तुम्हाला ट्रॅकजवळ आणून सोडतो. अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे, त्यामुळे वाटेत एक मुक्काम करा. चेन्नई शहरात शिरण्याची गरज नाही. श्रीपेरुंबुदूर परिसर कारखान्यांचा असल्याने राहण्याची सोय होते. मात्र १४-१५ जानेवारीच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा, कारण पोंगलला निम्मी चेन्नई गावी निघते आणि हा महामार्ग तुंबतो. बाकी जानेवारीची निवड उत्तम आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर येथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मार्चनंतरचे ऊन गाडी व चालक दोघांनाही सोसवत नाही.

या ट्रॅकची लांबी ३.७१७ किलोमीटर असून मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो उभारला. तो १९९० मध्ये सुरू होण्यापूर्वी येथल्या शर्यती शहराच्या उत्तरेला शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत, आणि येथील वयस्कर मेकॅनिक अजूनही त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. वळणांना सी-१, सी-२ अशी क्रमाने नावे आहेत. सी-१ हे मुख्य सरळ पट्ट्यानंतरचे वेगवान वळण आहे, आणि घाटातील सवय असलेला माणूस नेमका तेथेच फसतो. घाटात वळण दिसत नाही म्हणून आपण आधी वेग कमी करतो. येथे सर्व काही दिसत असते, रस्ता रुंद असतो, आणि त्यामुळे अजून थोडे थांबून ब्रेक मारू असे मन सांगू लागते. पहिल्या दिवशी सकाळी त्या मनाचे ऐकू नका.

टायरच्या हवेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. टायर साधारण सहा अंशांनी तापला की दाब एक पीएसआय वाढतो, आणि ट्रॅकवर तो सहज तीस-चाळीस अंशांनी तापतो. नेहमीच्या दाबावर सुरुवात केलीत, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत टायर फुगून मधोमधच टेकू लागेल. सत्र संपताच गरम टायरचा दाब मोजा आणि जास्तीची हवा तेव्हाच काढा. स्वतःचा चांगला गेज न्या, कारण प्रत्येक पंपाचा गेज आपापले सत्य सांगतो.

पिटलेनवरचा_चहा

मी थोडा विरोधी सूर लावतो. साडेचौदाशे किलोची कुटुंबाची गाडी ट्रॅकवर झिजवून तीच चालवत घरी आणण्याच्या बेतात पहिल्याच वेळी दोघांनी पडावे का? वाटेत कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक लागतो. तेथे अर्धा दिवस घालवलात, तर वळणातील रेषा आणि ब्रेक सोडण्याची पद्धत फार स्वस्तात शिकता येईल. किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेचा विचार करा. तो २.१ किलोमीटरचाच असल्याने वेग कमी राहतो आणि चुकांची किंमतही त्या मानाने कमी असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या ट्रॅकला ज्यांचे नाव आहे, त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन लावून फॉर्म्युला मारुती ही एकासनी शर्यतीची गाडी घडवली होती. आपल्या देशातील हौशी शर्यतींचा जीव एवढ्याशा इंजिनांवर वाढला आहे, हे एम२ आणि केमनच्या गर्दीत विसरले जाते.

ताम्हिणीकर

सर्वांचे मनापासून आभार. एकाच गटात नाव घालून एका आड एक सत्र चालवण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि पोंगलनंतरच्या आठवड्याची चौकशी सुरू केली आहे. कलम_आणि_क्लच यांची वाटणी मित्राला दाखवली. ती त्याने मान्य केली, मात्र यांत्रिक बिघाडाचा खर्चही निम्मा असावा असा त्याचाच आग्रह आहे. कोइमतूर या वेळी शक्य नाही, परंतु कोल्हापूरला अर्धा दिवस थांबू. आता दोनच शंका उरल्या आहेत. दुचाकीचे आयएसआय हेल्मेट चालेल का, आणि रविवारी संध्याकाळी लगेच परतीला निघावे का?

उतारावर_दुसरा

हेल्मेटबाबत आयोजकांचा नियम आधी लेखी विचारा, कारण तो ठिकाणागणिक बदलतो. आयएसआय मानक दुचाकीस्वारासाठी आहे. मोटारींच्या शर्यतींसाठी असलेल्या स्नेल एसए प्रतीच्या हेल्मेटचे अस्तर आग रोखणारे असते आणि ते शर्यतीच्या गाडीतील संरक्षक पिंजऱ्याच्या सळ्यांवर पुन्हापुन्हा आदळण्याचा विचार करून तपासलेले असते. तुमच्या गाडीत असा पिंजरा नसल्यामुळे पहिल्या खेपेला पूर्ण चेहरा झाकणारे चांगले हेल्मेट बहुधा स्वीकारतील, पण दोघांत एकच वापरू नका. घामाने भिजलेले आणि दुसऱ्याच्या मापाचे हेल्मेट वळणात डोळ्यांवर येते.

रविवारी निघू नका. सोमवारी सकाळी टायर गार असताना हवा पुन्हा रस्त्याच्या दाबावर आणा, चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला तपासा, आणि चाकांच्या आऱ्यांमधून पॅडची जाडी पाहा. पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर सोबत नेलेले जुने पॅड तेथेच बसवून घ्या. दोन पोलोंपैकी निदान एकीने तुमच्या सोबत मागे-पुढे राहावे, आणि पुढचा टोइंग हुक व हवेचा छोटा पंप तिच्या डिकीत नव्हे, तुमच्याच गाडीत असावा.