वल्हांडण: देव घर ओलांडून गेला की वगळून गेला?

नगरची_लेक:
ईस्टरच्या आधीच्या रविवारी शब्बाथशाळेचा पाठ माझ्याकडे आहे. बायबलमधल्या निर्गमाचा १२वा अध्याय. मिसर देशात घरोघरचे थोरले मुलगे मेले ती रात्र, इस्राएल लोकांनी कोकराचं रक्त एजोबाच्या (एका झुडपाच्या) जुडीने दाराच्या चौकटीला लावायचं, आणि रक्त दिसलं की परमेश्वर ते घर ‘ओलांडून’ जाणार. म्हणून त्या सणाचं नाव वल्हांडण. लहानपणापासून हा शब्द ऐकतेय, कधी अडला नाही. परवा एका मुलीने विचारलं, “देवाने दार ओलांडलं म्हणजे तो आत आला ना?” मला उत्तर देता आलं नाही. उंबरठा ओलांडला की माणूस आत येतो, आणि इथे तर आत न शिरता पुढे गेला असं सांगायचंय. शिवाय झोपलेल्या पोराला कुणी ओलांडलं तर माझी आजी त्याला परत उलट ओलांडायला लावायची, वाढ खुंटते म्हणून. मुलांना कळेल आणि अर्थही ढळणार नाही असं क्रियापद सुचवा.

बांधावरचा:
आमच्या मिरजेकडे म्हातारी माणसं ‘बांध वलांडून गेला’ असंच म्हणतात. वलांडणं, वल्हांडणं, ओलांडणं हे एकच. मी तरी ते ‘उल्लंघन’शी जोडतो. पाठात ‘वगळून पुढे गेला’ लिहा, प्रश्न मिटला.

दर्यावर्दी:
‘ह’ उगाच आला नाही. वल्हं, वल्हवणं, वल्हांडण. इस्राएल लोक तांबडा समुद्र पार करून गेले त्याचीच ही आठवण. आमच्या कोळीवाड्यात हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

बांधावरचा:
दादा, ते कोरड्या जमिनीवरून चालत गेले, वल्ह्याला पाणीच नव्हतं. आणि सण समुद्राच्या आधीच्या रात्रीचा आहे.

वसईचा_जुजे:
आम्हा कॅथलिकांना ही अडचण येत नाही. आमच्या घरी ‘पास्का’. हिब्रू पेसाह, अरामी-ग्रीक पास्खा, पोर्तुगीजांकडून आमच्या तोंडी. एका शब्दात कोकरूही येतं आणि पुनरुत्थानाचा रविवारही. दुसऱ्या शतकात सार्दीसच्या बिशप मेलितोने तर पास्खा हा ग्रीक ‘पास्खेइन’शी, म्हणजे दुःख सोसण्याशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून चूक, पण गुड फ्रायडेला चर्चमध्ये उभा राहिलो की मला तीच आठवते. कोकराचं हाड मोडायचं नाही हा निर्गमातला नियम, आणि योहान आपल्या शुभवर्तमानात येशूच्या क्रुसाजवळ तेच वचन सांगतो. एजोबही तिथे पुन्हा येतो, आंब (आंबट द्राक्षारस) घेऊन.

नगरची_लेक:
जुजेभाऊ, अर्थ तोच, पण माझ्या मुलांना ‘पास्का’ परका आहे. पौल ख्रिस्ताला ‘आपला वल्हांडणाचा यज्ञपशू’ म्हणतो, ते त्यांना पाठ आहे. तो शब्द मी काढणार नाही. मला फक्त क्रियापद हवंय.

पोथीवाला:
मग ओलांडण्याचाच हट्ट का? इंग्रजीतला ‘पासओव्हर’सुद्धा टिंडेलने १५३०च्या भाषांतरात घडवलेला शब्द आहे. मूळ हिब्रू धातूला लंगडणं, उडी मारून जाणं, रक्षण करणं असे अर्थ लावतात. यशया ३१:५मध्ये तोच धातू घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांच्या उपमेबरोबर आलाय. निर्गम १२:१३ला जुन्या ग्रीक भाषांतरात तर ‘मी तुम्हांला झाकीन’ आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: पाखर घालणं. देवाने त्या घरांवर पाखर घातली. आणि ज्या भांड्यातल्या रक्तात एजोब बुडवायचा, त्या ‘सफ’ या हिब्रू शब्दाचा दुसरा अर्थ उंबरठा. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे पोरकटपणा नाही.

नगरची_लेक:
पाखर! काल दिवसभर मनात घोळत होता. पण आमचे पाळक म्हणतात, पाखर घालायला थांबावं लागतं, आणि वचनात पुढे जाणं आहे.

अष्टागरकर:
थोडं बाजूचं. रेवदंड्याला आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब होतं. त्यांच्या आजी सणांची जुनी मराठी नावं सांगायच्या: दारफाळणीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आपण बायबलात ‘मंडपांचा सण’ छापतो आणि डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव येतो. या लोकांनी भाषांतर न करता नावं ठेवली, ती स्वयंपाकघरातून आली. मला हा रस्ता जास्त खरा वाटतो.

वैदर्भी_सून:
मांडवाचं सोडा, वल्हांडणाला जोडून येणाऱ्या ‘बेखमीर भाकरीच्या सणा’तल्या ‘बेखमीर’चं काय करायचं? बे- फारसी, खमीर अरबी. बिनआंबवलेली भाकर म्हटलं तर बाईमाणसाला लगेच कळेल.

बांधावरचा:
आणि खमीर म्हणजे हिंमत! ‘मराठी माणसाचं खमीर’ असं भाषणात रोज ऐकतो. ‘जुने खमीर काढून टाका’ हे पौलाचं वाक्य कानाला अगदी उलटं लागतं.

पोथीवाला:
शब्द बाहेरचा म्हणून काढायचा तर ‘सण’ नि ‘भाकर’ सोडून वाक्यात काय उरेल? बेखमीर कित्येक पिढ्या प्रार्थनेत आहे. फारसी होता, आता आमचा आहे.

वैदर्भी_सून:
सर, प्रार्थनेत आहे म्हणून कळतो असं नाही. माझ्या सासूबाई बेखमीर म्हणजे बिनमिठाची समजायच्या, चाळीस वर्षं.

वसईचा_जुजे:
आमचा ओस्तीही, म्हणजे मिस्सेत मिळणारी भाकर, बिनआंबवलेलाच. पण त्याला बेखमीर कुणी म्हणत नाही.

अष्टागरकर:
वैदर्भीताई, ‘आंबवण’ असं नाम तुमच्याकडे चालतं का? आमच्याकडे घावनाच्या पिठाला नुसतं ‘आंबट घालणं’ म्हणतात.

नगरची_लेक:
माझा पाठ परवावर आलाय हो. ‘न शिरता पुढे गेला’ असं लिहून ठेवलंय, पाखर समासात पेन्सिलीने.

वैदर्भी_सून:
आंबवण चालतं, पण फक्त इडलीच्या पिठाला. भाकरीला विरजण म्हणतात का कुणी?